हस्तिदंतावरच्या बाईचा उजवा डोळा

सिंगापूरला जाऊन आले म्हटल्यावर दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला येणारा प्रत्येक जण विचारतो, की ती तीन टॉवरांवर जहाज ठेवलेली इमारत पाहिलीत का. पाहिली. बसच्या खिडकीतून, पाऊण मिनिट. बागेतली लोखंडी झाडं पाहिली नाहीत आणि सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणीही पाहिलं नाही. ज्यांना त्याबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी नऊ दिवस तिथे होते ते एका कामासाठी, आणि ते काम झालं नाही.

काम एवढंच होतं. माझी मुलगी सायली तिथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरचं कंत्राटी संशोधन. तिचे बाबा गेले त्याला अकरा महिने होत आले होते. तेव्हा ती आली नव्हती. तिथे राहून काम करायचा पास नूतनीकरणाला गेलाय, देश सोडला तर परत आत घेतील की नाही सांगता येत नाही, असा तिचा त्याच दिवशी संध्याकाळी मेसेज आला, आणि आम्ही सगळ्यांनी तो मान्य केला. आता महिन्याभरावर वर्षश्राद्ध आलं होतं. फोनवर विचारलं की म्हणायची, "बघते गं." या 'बघते'चा अर्थ मी तीस वर्षं दुकानात ऐकलाय. फ्रेम आवडलेली नसली की गिऱ्हाईक 'बघते' म्हणतं. म्हटलं, समोर बसून विचारावं. मिरजेचं दुकान दिरांवर सोपवलं, बॅगेत भडंग भरलं आणि निघाले.

वुडलँड्स

सिंगापूरचं हे उत्तरेचं टोक. पलीकडे पूल, पुलापलीकडे मलेशिया. रोज सकाळी तिकडून हजारो माणसं मोटारसायकलवर कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पोटासाठी रोज देश ओलांडायचा आणि रात्री आपल्या घरी जेवायचं, ही सोय मला पसंत पडली. आमच्याकडे एकदा गेलेलं माणूस असं रोज परतत नाही.

भाडी इथे जरा कमी, म्हणून सायली इथे राहते, एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. मधुरा आणि तिचा नवरा पुण्याचे. तो रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम पाहतो, सकाळी सातला बाहेर पडतो. त्यांची मुलगी इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. भडंगाचा पहिला घास घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आजी, धिस वन सो स्पायसी, ला!" आणि वाटी पुढे केली, अजून द्या म्हणून. हे 'ला' इथे सगळेच वाक्यामागे जोडतात.

घर अकराव्या मजल्यावर. इथे कपडे वाळत घालायचे म्हणजे लांब बांबूत ओवून तो बांबू खिडकीबाहेर आडवा खोचायचा. पहिल्याच दिवशी मी मदत करायला गेले आणि बांबू नीट खोचला नाही. मधुराच्या नवऱ्याचा शर्ट सातव्या मजल्याच्या बांबूवर जाऊन बसला. सातव्या मजल्यावरची चिनी आजी तो घडी घालून वर घेऊन आली आणि मला बोटाला धरून खिडकीपाशी नेऊन बांबू कसा खोचायचा ते दाखवून गेली. एक अक्षर बोलली नाही. अशी माणसं मला आवडतात.

दुसऱ्या दिवशी मधुराबरोबर चहा घेत होते. ती मोकळी मुलगी, बोलत सुटते. म्हणाली, "काकू, आता पाडवा आलाच की हो. मागच्या पाडव्याला काय मजा आली होती! सायलीचा पास त्याच दिवशी मंजूर झाला. आम्ही पुरणपोळ्या केल्या आणि तिने एकटीने चार खाल्ल्या."

सायलीचे बाबा गेले ते अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी. पाडव्यानंतर महिन्याने.

मी चहा संपवला, कप विसळला आणि पालथा घातला. मधुराला काही कळलं नाही, आणि तिला कळण्याचं कारणही नव्हतं.

तांजोंग पगार

सायली काय काम करते हे मला तोवर धड माहीत नव्हतं. जुन्या चित्रांची केमिस्ट्री, असं मी लोकांना सांगत असे. चौथ्या दिवशी तिला तांजोंग पगारला एका गॅलरीत कपाटांतला दमटपणा मोजायला जायचं होतं. म्हणाली, "चल आई, मी काय करते ते तरी बघशील."

तांजोंग पगार म्हणजे काचेच्या उंच कचेऱ्या, आणि त्यांच्या पायाशी खाली दुकान वर घर अशी जुनी दुमजली रांग. आपल्या पेठांत असते तशीच. फरक एवढाच की ही रंगवून पुसून ठेवलेली आणि वरच्या मजल्यांवर कुणीच राहत नाही. त्यातल्या एका घरात एका श्रीमंत गृहस्थाचा संग्रह मांडायचं काम चाललं होतं. प्रदर्शन पाच आठवड्यांनी उघडायचं होतं. सायलीच्या सांगण्याप्रमाणे तिचं काम त्याच्या बरंच आधी संपणार होतं.

आत उजेड इतका कमी की पायरी चुकावी. रंग उडू नयेत म्हणून. काचेच्या कपाटांत चेहरे होते, अंगठ्याएवढे, फार तर लहान पुरीएवढे. इंग्रज, डच, काही आपले.

"फोटो निघायच्या आधी लोक हे करून घेत," सायली म्हणाली. "हस्तिदंताचा नखापेक्षा पातळ काप. त्यावर डिंक घातलेले पाण्यातले रंग. चेहऱ्यावर रेघ ओढायची नाही, नुसते ठिपके द्यायचे. कातडीची चमक आहे ना, ती रंगाची नाही, खालच्या दाताची आहे."

"आणि भिंतीवर लावायचे हे?"

"नाही ना! तेच तर. भिंतीवरचं चित्र येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असतं. हे एकाच माणसासाठी. खिशात, गळ्यात, मनगटाला. बोटीवर गेलेला माणूस चार-चार वर्षं यायचा नाही, कधी यायचाच नाही. त्याच्याकडे घरच्यांचे चेहरे असे असायचे. पाहायचं तर मुठीत घेऊन पाहायचं."

एका कपाटात नुसते डोळे होते. पूर्ण चेहरा नाही, एकच डोळा, भोवती मोती. कुणाचा ते इतरांना ओळखू येऊ नये म्हणून प्रेमिक लोक असा एकच डोळा काढून घेत, असं तिने सांगितलं. माझ्या पर्समध्ये भिंग असतंच. मी वाकून पाहिलं.

"प्रेमिकाचा म्हणतेस? बुबुळाच्या कडेला करडं कडं आहे बघ. साठीच्या खालचा नाही हा डोळा. कुणाची तरी आई असेल."

सायली हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. "आई, हे मी कुणाला सांगणार नाही. तिकिटं कमी खपतील."

पुढच्या कपाटात लग्न ठरवायला परगावी पाठवलेले चेहरे होते. सगळ्या मुली गोऱ्यापान, सगळ्यांच्या माना हंसासारख्या. मला आमचा फोटो स्टुडिओ आठवला. स्थळांना पाठवायच्या माझ्या फोटोतून तिथल्या माणसाने हनुवटीवरचा तीळ परस्पर पुसून टाकला होता. पाहायला आल्यावर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "फोटोत हे नव्हतं." सायलीचे बाबा म्हणाले, "आता आहे ना? मग झालं." त्या दिवशी त्यांनी काढलेलं तेवढं एकच वाक्य.

आमच्या घरात त्याआधीच्या पिढ्यांचे चेहरे नाहीतच. देवघरात चांदीचे टाक आहेत, पूर्वजांचे. सगळ्यांवर घोड्यावर बसलेला एकच माणूस, एकाच साच्यातून ठोकलेला. कोणता टाक कुणाचा हे सासूबाईंनाही सांगता येत नसे. आमच्या घराण्यात घोडा कुणीही पाळला नव्हता. गेलेला माणूस आमच्याकडे पूजेला बसतो तो असा, आपला चेहरा टाकून. इथे उलटं. चेहरा केसाकेसाने राखलाय आणि नाव हरवलंय. बहुतेक चित्रांखाली लिहिलेलं होतं, अनोळखी स्त्री, अनोळखी पुरुष.

"एका चित्राला किती दिवस देतेस तू?" मी विचारलं.

"काहींना महिना. एक आहे लॅबमध्ये, तिला तिसरा महिना चालू आहे. हिंदुस्थानी बाई आहे. तिच्या भुवयांचे केससुद्धा मला पाठ झालेत."

 एका मेलेल्या परक्या बाईच्या भुवयांना तीन महिने, एवढंच डोक्यात राहिलं.

जेवायला शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. एका छपराखाली शंभरेक गाडे असावेत, आणि कचेरीतली सगळी माणसं एकाच वेळी उतरलेली. एका टेबलावर कुणी तरी टिश्यूचं पाकीट विसरलेलं दिसलं. मी बसले, पाकीट फोडलं आणि कपाळ पुसलं. मागे गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या चार मुली हातात ट्रे घेऊन माझ्याकडे पाहत उभ्या. सायलीने दंडाला धरून उठवलं. "आई! पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरलेली असते!" म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तेच. फक्त तिथे रुमाल उचलून फेकला की भांडण होतं, इथे चार मुली गप्प उभ्या राहतात. मी उरलेलं पाकीट परत दिलं. त्यांनी थँक यूही म्हटलं.

दुसरं टेबल मिळालं. मी माशाचं सूप घेतलं होतं, स्वच्छ आणि आल्याच्या चवीचं. सायलीचा भात होता. दोन घास झाल्यावर मी विचारलं, "पास पाडव्यालाच आला होता ना तुझा?"

तिचा चमचा थांबला. "मधुरा म्हणाली?"

"ती बिचारी पुरणपोळीबद्दल बोलत होती."

शेजारच्या टेबलावरची माणसं उठली, नवीन बसली. मग सायली बोलायला लागली, भाताकडे बघत.

"मी निघाले होते आई. तिकीट काढलं होतं. सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी थांबवून ठेवलं असतं त्यांना, आणि त्या उन्हाळ्यात… विमानतळावर बसले होते, आणि तुमचा व्हिडिओ कॉल आला."

त्या दिवशी दिरांच्या फोनवरून तो मीच लावायला सांगितला होता. पोरगी एवढ्या लांब आहे, तिला अंत्यदर्शन तरी होऊ दे, म्हणून. हल्ली सगळ्यांकडे असंच करतात.

"काकांनी फोन बाबांच्या तोंडाजवळ धरला होता," ती म्हणाली. "नाकात कापूस. माझ्या बाजूला एक माणूस बर्गर खात बसलेला. तिकडून कुणी तरी म्हणत होतं, जरा उजेडात घ्या, तिला दिसत नसेल. माझ्या तळहातावर बाबांचं तोंड, एवढंसं. किती वेळ धरून ठेवलंत तुम्ही! मी उठले आणि परत खोलीवर आले. आई, मला त्यांचं दुसरं तोंडच आठवत नाही आता. कॉलेजला सोडायला आले होते तेव्हाचं आठवायला जाते, आणि हेच येतं."

"जरा उजेडात घ्या असं मीच म्हणाले होते," मी म्हटलं.

"माहितीये."

सूप गार झालं होतं. मी ते संपवलं. आपण केलेलं चुकलं म्हणून अन्न टाकायची मला सवय नाही.

"मग पासचं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगणार होते? बाबांना बघवलं नाही म्हणून आले नाही? आत्याने काय म्हटलं असतं?"

ते खरं होतं. आत्याने जे म्हटलं असतं ते मी इथे लिहीत नाही.

"श्राद्धाला ये," मी म्हटलं. "तिथे तोंड नसतं. पिंड असतो."

तिने चमचा ताटलीच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "येते. तारीख सांग."

"वैशाख शुद्ध प्रतिपदा."

"आई, तारीख!"

मी फोनमध्ये पाहून सांगितली. तिने तिथल्या तिथे तिकीट पाहायला घेतलं. आम्ही ट्रे उचलून नेऊन ठेवले. इथे आपलं उष्टं आपण उचलायचं असतं, आणि हा नियम मला मान्य आहे.

प्रयोगशाळा

दोन दिवस बरे गेले. संध्याकाळी आम्ही पाण्याच्या कडेने पलीकडच्या मलेशियाचे दिवे पाहत फिरलो. मी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या. सातव्या दिवशी ती मला आपणहून प्रयोगशाळेत घेऊन गेली. "चल, तुला माझी बाई दाखवते."

तिच्या वरच्या पदावरच्या डॉक्टर गोह या पन्नाशीच्या, बुटक्या, पायात धावायचे बूट घातलेल्या बाई. मला आंटी म्हणाल्या. आम्ही एकाच वयाच्या, पण ठीक आहे. इंग्रजीचा मला प्रश्न नव्हता. मिरजेत डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचतच माझं आयुष्य गेलंय.

बाई फोमच्या खाचेत ठेवलेली होती, चौकटीतून काढलेली. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. हिरवी चोळी, नथ, सरळ भांग, वय पंचवीस-तीस. मागच्या डबीत काळ्या केसांची एक बट. तिच्या गावाचा पत्ता नाही आणि चित्रकाराचाही नाही. इंग्लंडात कुणाच्या तरी कपाटात सापडलेली. कुणा साहेबाने करून घेतली आणि परत जाताना नेली, एवढा अंदाज.

शेजारी तिचा मोठा केलेला फोटो भिंतीवर. त्यावर लाल गोल काढलेले, पंधरा-वीस.

"काच रडते," सायली म्हणाली. "वर जी जुनी काच होती ना, तिला दमट हवेत पाझर फुटतो. ते थेंब चित्रावर पडतात आणि वाळून पांढरे होतात. उद्या आम्ही एकेक ठिपका उचलणार. हे सगळे गोल म्हणजे तेच."

काचेला पाझर फुटतो हे मला सांगायला नको. सासऱ्यांच्या वेळच्या काचांचा एक खोका आमच्या माळ्यावर आहे, पावसाळ्यात त्याला हात लावला की बुळबुळीत लागतो. पण फोटोतला एक गोल बाईच्या उजव्या डोळ्यात होता, बुबुळावर. तोंडावर मास्क बांधून, श्वास आवरून, मी भिंगातून ती बाई पाहिली. एकदा पाहिली, परत पाहिली.

"हा ठिपका काढू नका," मी म्हटलं. "हे फूल आहे."

"काय?"

"डोळ्यात पडतं ते फूल. देवीचं. देवी आल्या की बुबुळावर व्रण राहतो, तो असा पांढरट दिसतो. म्हाताऱ्या माणसांचे मी असे ढिगाने पाहिलेत. काचेचा थेंब असा बरोबर बुबुळाच्या कडेला धरून नाही बसत."

सायलीने ते गोहबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या. "आंटी, सगळे ठिपके सारखेच दिसतात, ला."

"तुम्हाला दिसतात," मी म्हटलं. "डाव्या डोळ्यात उजेडाचा टिपका आहे, वर. उजव्यात का नाही? चेहऱ्यावर उजेड तर एकाच बाजूने येतोय. व्रणावर उजेड चमकत नाही, म्हणून चित्रकाराने दिला नाही. पाहून काढलंय हे."

हसू थांबलं. सायलीने चित्र मायक्रोस्कोपखाली घेतलं. पडद्यावर तो डोळा परातीएवढा झाला. बाकीचे ठिपके रंगाच्या वर बसलेले होते, मिठाच्या कणांसारखे. डोळ्यातला पांढरा खाली होता, रंगातच, ब्रशच्या टोकाने ठिपक्याठिपक्याने दिलेला. सायलीने चित्र जरा सरकवलं आणि गालावर आली. तिथे बारीक खळगे होते, आणि तेही त्यांनी झीज म्हणून नोंदवले होते. ते सुईने टोचून काढलेले होते, एकेक. देवीचे व्रण.

 मग गोहबाईंनी भिंतीवरच्या फोटोपाशी जाऊन डोळ्यावरचा लाल गोल स्वतः खोडला.

"उद्या आम्ही पुसला असता," सायली मराठीत म्हणाली.  "आई, मी तीन महिने बघतेय हिला."

"तू भुवया बघत होतीस."

बाहेर येऊन आम्ही कॉफी घेतली. ती बोलत होती, भरभर, लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायची तशी. सगळे चित्रकार देवीचे व्रण झाकत, तसे सांगितलेलंच असे. म्हणजे हे चित्र स्थळाला दाखवायचं नव्हे, लोकांना दाखवायचंही नव्हे. ज्याच्यासाठी काढलं त्याला तो चेहरा रोजचा माहीत होता आणि त्याला तोच हवा होता. "त्याने सांगितलं असणार, आहे तसं काढ."

"किंवा तिने सांगितलं असेल," मी म्हटलं. "तू परत जाणार, तर जो चेहरा सोडून चाललास तोच घेऊन जा म्हणावं."

"हो! तसंही असेल."

"काही असो. चित्र नेलं, बाई नेली नाही."

हे तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. ती फोनवर गोहबाईंना काही तरी लिहीत होती.

परत वुडलँड्स

आठव्या दिवशी संध्याकाळी ती आली, दारात बूट काढले आणि काढलेले बूट पुन्हा सरळ करत राहिली. मला कळलं.

"आई, ते चित्र आता प्रदर्शनात मधोमध ठेवणार आहेत. मालक स्वतः येतायत, बाहेरचे लोकही. गोह म्हणतायत, उद्घाटनाला मीच बोलायचं."

"मग बोल की."

"ते त्याच आठवड्यात आहे. पहिले तीन दिवस मला हलता येणार नाही." मग म्हणाली, "श्राद्ध आठ दिवस पुढे नाही का घेता येणार?"

"बाबा काय अपॉइंटमेंट घेऊन गेले होते?"

"आई, असं बोलू नको ना. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. हे नीट झालं तर पुढची दोन वर्षं मिळतील. असं काही एकदाच सापडतं गं."

"वर्षश्राद्धही एकदाच होतं."

"फूल आहे म्हणून तूच सांगितलंस ना!" ती ओरडली. आतून इरा बाहेर डोकावली, मधुराने तिला हाताला धरून परत आत नेलं.

खरंच होतं ते. मी तोंड मिटून उभी राहिले असते तर दुसऱ्या दिवशी डोळा पुसला गेला असता, चित्र कोपऱ्यातल्या कपाटात लागलं असतं, आणि माझी मुलगी प्रतिपदेला मिरजेत असती. चूक दिसली की सांगायची, ही माझी दुकानातली शिस्त. समोरच्याने विचारलेलं असो वा नसो.

रात्री तिने तिकीट रद्द केलं. माझ्यासमोरच केलं, हे चांगलं केलं.

निघताना

विमानतळावर तिने माझी बॅग ओढली, वजन केलं, पट्टा आवळला. सगळं व्यवस्थित. मग म्हणाली, "आई, मी त्या दिवशी ऑनलाइन येते. काकांना सांग फोन धरायला. बोलायचं असेल त्याच्या आधी तासभर वेळ काढते."

पाच दिवसांपूर्वी हॉकर सेंटरमध्ये हिनेच मला काय सांगितलं होतं! पण ती ते मनापासून म्हणत होती. तिच्या परीने ती येतच होती.

"नको," मी म्हटलं. "यायचं तर अंगाने ये. माझ्या घरात आता कुणी कुणाच्या तळहातावर यायचं नाही. त्या दिवशी फोन करू नकोस."

"अगं पण…"

"करू नकोस म्हटलं ना."

तिने मान हलवली. मी आत गेले. विमानात जेवण ठीक होतं, भात जरा चिकट.

श्राद्ध दिरांनी केलं. मुलगी कुठे म्हणून गुरुजींनी विचारलं, मी सांगितलं, तिला काम आहे. आत्या "हं" म्हणाल्या. पानं वाढली, पहिलं पान कावळ्याला ठेवलं, माणसं जेवून गेली. फोन मी पहाटेच चार्ज करून माजघराच्या खिडकीत ठेवला होता, तिथे रेंज चांगली येते. वाढताना अधूनमधून तिकडे जाऊन आले. दुपार झाली, भांडी झाली, संध्याकाळ झाली. वाजला नाही. पोरीने माझं ऐकलं.